डिस्पॉन्डंट कुणाला म्हणायचं

माझी शाळा नववीत सुटली. वडील गेले, आणि जूनमध्ये बरोबरीची पोरं दहावीच्या वर्गात बसली तेव्हा मी हिंगोलीत एका वेल्डिंगच्या दुकानात लोखंड धरून उभा होतो. त्यामुळे हे लिहायला बसलोय याचीही मला धास्तीच आहे. कुठं चुकेल, कोण हसेल. पण एक इंग्रजी शब्द मला नीट येतो. इतका नीट, की कुणी तो भलत्या जागी वापरला तर कानाला टोचतं. ज्यांनी तो मला शिकवला त्यांचं नाव मी लिहिणार नाही, त्यांना ते आवडायचं नाही. मी त्यांना सर म्हणतो. त्यांच्या पत्नीला काकू म्हणायचो.

बडोद्याला मी आलो तो शटडाऊनच्या कामाला. मोठे कारखाने मधूनमधून बंद ठेवून आतून साफ करतात, दुरुस्त करतात, त्याला शटडाऊन म्हणतात. त्या दिवसांत ठेकेदार मिळेल तिथून माणसं आणतात आणि काम संपलं की माणसं आपापल्या गावी जातात. मी गेलो नाही. गावी जाऊन करायचं काय, हा एक प्रश्न. दुसरं म्हणजे मला शहरात वाडी नावाच्या भागात खोली मिळाली होती. बाजव्याला कामावर जायला तिथून लांब पडायचं, दोन ठिकाणी गाडी बदलावी लागायची. बरोबरीची माणसं म्हणायची, अरे इकडंच ये राहायला, आम्ही आठ जण आहोत, तू नववा. पण माझ्या खोलीच्या खाली काकू होत्या.

घर पोळातलं, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतलं, आणि लहानच. खाली दोन खोल्या, पुढे ओटा, आत हिंचका म्हणजे झोपाळा, वर माझी एक खोली. सर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते हे काकू सगळ्यांना सांगायच्या आणि सर कुणालाच सांगायचे नाहीत. खोली देताना काकूंनी एकच चौकशी केली.

"मराठी ना तू?"

"हो."

"मग ये बाबा. या पोळात गुजराती बोलून बोलून माझी जीभ मराठीला वळेनाशी झालीय."

खरं तर त्यांचंच मराठी मला सुरुवातीला कळायचं नाही. भाजीला त्या शाक म्हणायच्या, बादलीला डोल. आणि मी "जेवायलो", "जायलो" असं काही बोललो की पदर तोंडाला लावून हसायच्या. "अहो ऐकलंत का, हा जायलो म्हणतो आणि अजून इथेच उभा आहे!" सरांनी माझं नावच मराठवाडा ठेवलं होतं. कामावरून आलो की ओट्यावरून आवाज यायचा, "काय मराठवाडा, आज काय नवीन?" सरांना विचारायची फार सवय. डब्यात काय होतं, कोणता साहेब ओरडला, आई फोनवर काय म्हणाली, तुमच्याकडे ज्वारी कधी काढतात. मला आधी वाटायचं, हा माणूस आपली परीक्षा घेतोय. मी घाबरून थोडक्यात उत्तरं द्यायचो. नंतर कळलं की त्यांना ते सगळं खरोखर जाणून घ्यायचं असतं. माझ्या आयुष्यात असं कुणी विचारलं नव्हतं.

कारखान्यात मी हेल्पर होतो. होलवॉच, म्हणजे टाकीच्या तोंडाशी राखणीला उभा राहणारा, व्हायचं तर सेफ्टीची तोंडी परीक्षा द्यावी लागायची. उत्तर हिंदीत चालायचं, पण प्रश्न इंग्रजीत, आणि मला प्रश्नच कळला नाही. नापास झालो. खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो, दुसऱ्या दिवशी कामावरही गेलो नाही. काकूंनी खालून हाका मारल्या आणि मग सरांना वर पिटाळलं. सर गुडघे धरत जिना चढून आले.

"काय झालं?"

"काही नाही सर. निराश झालोय."

"कोणता निराश?"

मला काही कळेना. सर माझ्या ट्रंकेवर बसले आणि वर्गात शिकवावं तसं बोलायला लागले. "इंग्रजीत तीन वेगवेगळी माणसं आहेत, लोक तिघांनाही एकाच टोपलीत टाकतात. एक डिजेक्टेड. म्हणजे कुणीतरी खाली फेकलेला. पडलेला माणूस उठतो, वेळ लागतो इतकंच. दुसरा डेस्परेट. आशा त्याचीही गेलेली असते, पण तो धावत असतो, दिसेल त्या दारावर डोकं आपटत असतो. त्याला जरा भ्यावं. आणि तिसरा डिस्पॉन्डंट. तो धावत नाही. रडतही नाही. बसून असतो. तू पहिला आहेस. चल खाली, शाक गार होतंय."

जेवताना मी तिसऱ्याबद्दल पुन्हा विचारलं. त्या शब्दाचा आवाज मला आवडला होता, खोल विहिरीत दगड पडल्यासारखा.

"तुमच्याकडे लग्न ठरलं की सुपारी फोडतात ना?" सर म्हणाले.

"फोडतात."

"लॅटिनमध्ये मुलगी देऊ करण्याला जो शब्द होता, तोच हा. जीव सोडून बसलेल्या माणसालाही ते तोच शब्द लावायचे. सुपारी फुटली, शब्द दिला गेला. आता आपला जीव आपल्या घरचा राहिला नाही. तो दुसऱ्याचा. नुसता अजून निघायचा आहे."

काकू पोळी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलगी दिली म्हणजे काय गेली? आपली पुण्याला दिली, तर दर दिवाळीला येऊन डबे भरभरून नेते की नाही? तुमच्या त्या लॅटिनवाल्यांना माहेर नव्हतं वाटतं."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मला म्हणाले, "हा शब्द स्वस्तात वापरायचा नाही हं. पाऊस डिस्पॉन्डंट नसतो, बाजार नसतो. माणूसच असतो. आणि शाक खारट झालं म्हणून कुणी डिस्पॉन्डंट होत नाही."

"तुम्ही होता," काकू म्हणाल्या.

मी तेव्हा माझ्या वडिलांचं सांगितलं. ते जिनिंगमध्ये कामाला होते. जिनिंग बंद पडली आणि ते घरी बसले. आजार असा कुणाला सापडला नाही. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं, आणि एके दिवशी गेलेच. आई म्हणायची, ह्यांनी हाय खाल्ली.

सरांनी हातातला घास ताटात ठेवला. "हाय खाल्ली," ते हळू म्हणाले. "हेच ते. अगदी हेच." आणि मग वडिलांबद्दल विचारत राहिले. कसे दिसायचे, काय आवडायचं, शेवटी शेवटी कुठं बसायचे. मी ताटावरच रडलो. काकूंनी ताटात अजून भात वाढला.

पुढच्या परीक्षेला मी पास झालो. सरांनी सगळे प्रश्न इंग्रजीत विचारून विचारून माझ्याकडून पाठ करून घेतले होते. पास झालो त्या दिवशी काकूंनी गल्लीच्या तोंडावरून सेव उसळ मागवली आणि सरांना पथ्य असूनही चारली.

होलवॉचचं काम असं असतं. कारखान्यात व्हेसल असतं, म्हणजे अख्खं घर मावेल एवढी लोखंडी टाकी. तिला माणूस कसाबसा शिरेल एवढं भोक असतं. माणसं आत उतरून काम करतात आणि होलवॉच त्या भोकाशी उभा राहतो. जागा सोडायची नाही. आत सतत हाका मारत राहायचं आणि आतून उत्तर घ्यायचं. आवाज पोचत नसेल तर पत्र्यावर ठोकायचं, आतल्याने परत ठोकायचं. उत्तर आलं म्हणजे माणूस ठीक. आणि सगळ्यात मोठा नियम, आत काहीही झालं तरी होलवॉचने स्वतः आत शिरायचं नाही. शिट्टी मारायची, माणसं बोलवायची. धावून आत गेलेला दुसराही तिथंच पडतो. हे काम माझ्यासारख्या भित्र्या माणसाला बरं. मी एक हाक जास्तच मारतो. आतली माणसं वैतागतात. "अरे, जिवंत आहोत बाबा, मरू तेव्हा सांगू!"

काकू उन्हाळ्यात गेल्या. पोटाचं दुखणं, दवाखाना, घरी आणणं, पुन्हा दवाखाना, आणि मग परत आणल्या त्या तशाच. पुण्याहून ताई आल्या, म्हणजे सरांची मुलगी. मला त्यांनी घरच्यासारखं सगळ्यात धरलं. तेराव्यानंतर त्या सरांना म्हणाल्या, "बाबा, चला माझ्याकडे." सर म्हणाले, "बघू." ताई राहिल्या, पुन्हा म्हणाल्या. सर म्हणाले, "बघू." शेवटी त्यांच्या मुलांची शाळा सुरू झाली. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून जातेय. रोज फोन करा हं."

मग असं सुरू झालं. डबेवाली सकाळी डबा ओट्यावर ठेवायची. मी तो उचलून सरांच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर ठेवायचो. दार ओढलेलं असायचं. मी बाहेरून हाक मारायचो.

"सर!"

"हं."

"उठलात?"

"उठलो."

"डबा ठेवलाय."

"बरं."

कामावरून आलो की पुन्हा तसंच, आणि मग ताईंना फोन. "ताई, आवाज दिला होता. बोलले." समोरच्या मासी रोज विचारायच्या, "भाई, सर कंई बोल्या?" मी म्हणायचो, बोलले, बोलले. सरांच्या खोलीत मी कधी शिरलो नव्हतो. काकू असतानाही मी हिंचक्यापर्यंतच. भाडेकरूने आपली पायरी ओळखून राहावं असं मला वाटायचं. शिवाय पोळात एक-दोघांनी बोलून दाखवलं होतं, म्हातारा एकटा आहे, आता हा वरचा खाली येणार. ते ऐकल्यापासून मी दारापासून आणखीच एक पाऊल मागे उभा राहायला लागलो.

ताईंनी फोनवरून डॉक्टर बोलावला. बाहेर हिंचक्यावरच तपासलं. तरुण डॉक्टर, बोलायला गोड. नाडी बघून मला बाजूला म्हणाला, "डिप्रेशन आहे, या वयात होतं." सरांना ऐकू गेलं.

"डिप्रेशन बंगालच्या उपसागरात तयार होतं," सर म्हणाले. "मी डिस्पॉन्डंट आहे."

डॉक्टर मोठ्याने हसला. मीही हसलो. ताईंना फोनवर सांगितलं तर त्या रडता रडता हसल्या. "आले, बाबा परत आले!" शब्द काय बोलले ते आम्ही कुणी ऐकलंच नाही, कसं बोलले तेवढंच ऐकलं. मला तर तो शब्द त्यांनी स्वतः शिकवला होता.

त्यावरून मला एक युक्ती सुचली. सरांना चुकीचा शब्द सहन होत नाही, तर आपण रोज चुकायचं. दुसऱ्या दिवशी दाराबाहेरून मी म्हणालो, "सर, आज आमचा कॉम्प्रेसर डिस्पॉन्डंट झालाय."

थोड्या वेळाने आतून, "यंत्र होत नाही. बिघडतं."

मला काय आनंद झाला! मग रोज एक. सर, आज ट्रॅफिक फार डिस्पॉन्डंट होता. सर, मासींची मांजर डिस्पॉन्डंट आहे. "मांजर रुसते," आतून उत्तर. "तिला आशाच नसते, तर ती जाईल कशी?" एकदा मी म्हणालो, "ठेकेदाराने सुट्टी दिली नाही, मी डिस्पॉन्डंट झालो." आतून आलं, "तू चिडलास. चिडलेल्याला अजून काहीतरी हवं असतं." कामावर जाताना गाडीत मी उद्याचं वाक्य जुळवत बसायचो. ताईंना सगळी वाक्यं सांगायचो. पावसाळा असाच गेला. मला एकच हवं होतं, वडिलांसारखं सरांचं होऊ नये. आणि आतून उत्तर येत होतं, म्हणजे ते होत नव्हतं.

नवरात्र आलं. आमच्याकडे जवळच्या पादरा गावचा एक फिटर आहे, आत उतरला की त्याचं एकच चालतं. मी हाक मारली की तो उलट विचारतो, "चा आवी?" चहा आला का. चहा यायची वेळ असो नसो. त्या दिवशी त्याला उपवास होता आणि रात्रभर गरबा खेळून आलेला, हे कुणाला सांगितलं नव्हतं त्याने. मी हाक मारली, तो म्हणाला, "हा." पुन्हा मारली, "हा." उत्तर वेळेवर येत होतं, आवाज ठीक होता. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. पण मला चैन पडेना. तिसऱ्यांदा "हा" आल्यावर मी शिट्टी मारली. त्याला बाहेर काढला तर डोळे फिरलेले, पाय लटपटतायत. सावलीत निजवला, पाणी पाजलं, लिंबू-साखर दिलं. बऱ्याच वेळाने डोळे उघडून म्हणाला, "चा आवी?" सगळे हसत सुटले.

सुपरवायझर मला म्हणाला, "जवाब तो दे रहा था. तेरे को कैसे पता चला?"

मी म्हणालो, "साहब, वो कुछ पूछ नहीं रहा था."

तोंडातून हे निघालं आणि मला सरांचं दार आठवलं. सर इतके दिवस उत्तरं देत होते. काकू गेल्यापासून त्यांनी मला एकदाही काही विचारलं नव्हतं. डब्यात काय आहे, हेसुद्धा नाही. आज काय नवीन, हेसुद्धा नाही.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. दुपारचं ऊन पोळात उतरलं होतं. मी हाक मारली नाही. दार ढकललं.

सर पलंगाच्या कडेला बसले होते. बनियन खांद्यावरून घसरलेला. इतके दिवस दाराच्या फटीतून त्यांचा आवाज तेवढा बाहेर यायचा, आणि आवाज वाळत नाही. माणूस वाळला होता. खिडकीत पोळ्यांची थप्पी, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली, नीट, दोऱ्याने बांधून. मासींच्या घरापुढे गाय येते तिच्यासाठी. डब्यातलं वरण खाल्लेलं दिसत होतं, तेही अर्धं.

"आलास?" म्हणाले. तो प्रश्न नव्हता. मी आत आल्याचं त्यांना नवल वाटलं नाही, रागही आला नाही.

मी खाली फरशीवर बसलो. म्हणालो, "सर, तुम्ही जेवत नाही."

"जेवतो थोडं."

"मला बाहेरून वाटत होतं, तुम्ही बरे आहात. तुम्ही उत्तरं देत होता."

सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तू रोज मुद्दाम चुकीचं वाक्य आणतोस, ते कळतं मला. उत्तर दिलं की तुझं समाधान होतं. कामावर जायचं असतं तुला. म्हणून देत होतो."

मला हे ऐकून रडूही आलं नाही. मी इतके दिवस समजत होतो की मी सरांना धरून ठेवलंय. सर मला धरून होते, आणि तेवढंही त्यांना जड जात होतं.

"काकूंची फार आठवण येते का?" मी विचारलं.

"आठवण आली असती तर बरं होतं रे. आठवणीत माणूस काहीतरी मागत असतो." बोलायला त्यांना वेळ लागत होता. "दुःख वेगळं. दुःख मी ओळखतो. आता मागायचंच काही उरलं नाही. सकाळ होते, ती कशाला होते ते कळत नाही. त्या डॉक्टरला मी बरोबर शब्द सांगितला होता."

"काकू म्हणाल्या होत्या, दिलेली मुलगी दिवाळीला माहेरी येते."

"तिचं बोलणं तसंच असायचं," सर म्हणाले, आणि भिंतीकडे वळून आडवे झाले.

मी स्वयंपाकघरात गेलो. काकू गेल्यावर तिथं मी पाय ठेवला नव्हता. डबे तसेच होते, झाकणांवर धूळ. मऊ भात केला, वर तूप, मीठ. सर उठून बसले. मी चमचा पुढे केला की तोंड उघडत, थांबलो की थांबत. भूक नव्हती, नकोही नव्हतं. मी सांगितलं म्हणून खाल्लं. असं एखाद्याला भरवणं फार वाईट असतं. लहान मूल निदान तोंड फिरवतं.

मग बाहेर येऊन ताईंना फोन लावला. इतके दिवस मी त्यांना रोज आवाज दिला, बोलले, असं सांगत होतो. त्या दिवशी म्हणालो, "ताई, या. मला जमायचं नाही हे एकट्याला." पलीकडे त्यांनी एकदम विचारलं, "काय झालं? पडले का?" मी म्हणालो, "नाही. ताई, सर काही विचारत नाहीत." मला वाटलं त्यांना कळणार नाही, हा अडाणी माणूस काय बोलतोय. पण त्यांना कळलं. मग म्हणाल्या, "मला पण नाही विचारत काही. मला वाटलं, फोनवर आहे म्हणून."

दसऱ्यानंतर त्या गाडी घेऊन आल्या. सामान फार नव्हतं. सरांच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बोट करून ताईंनी विचारलं, "बाबा, यातलं काय घेऊ?" सर म्हणाले, "तुला हवं ते." मासींनी चहा आणला. सर ओट्यावर बसून अर्धा प्यायले, कप माझ्या हातात दिला. पोळातली माणसं उंबऱ्यात उभी होती. एरवी सर कुणालाही हटकल्याशिवाय या गल्लीतून गेले नाहीत. गाडीत बसले, ताईंनी पट्टा लावला. मी वाकून पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात हलका होता, रिकाम्या पिशवीसारखा.

"येतो सर पुण्याला, भेटायला."

"बरं."

घराच्या किल्ल्या ताईंनी माझ्याकडे दिल्या. मी नको म्हणालो, लोक बोलतील म्हणालो. त्या म्हणाल्या, "बोलू दे. बाबा तुम्हाला उत्तर देत होते, मला तर तेही नाही." मी आता वर राहतो, खाली झाडून घेतो, हिंचक्यावर बसत नाही. कुठूनही बघितलं तरी या लोकांचे उपकार माझ्यावर आहेत. ते कसे फेडायचे, हे मला कुणी शिकवलं नाही.

पुण्यात डॉक्टर चांगले मिळाले, औषधं सुरू झाली. ताई दर रविवारी फोन करतात, सरांच्या कानाला लावतात. मी बोलतो. गावची ज्वारी कशी आहे, कोणता साहेब ओरडला, मासींची मांजर व्याली. चुकीची वाक्यं मी आता करत नाही. सर "हं" म्हणतात, कधी तेही म्हणत नाहीत. ताई म्हणतात, खातात, भरवलं तर. वजन थोडं वाढलंय. डॉक्टर म्हणतात, धीर धरा.

थंडीच्या दिवसांत एकदा मधल्या वारीच ताईंचा फोन आला. मी बाजव्याला गेटबाहेर होतो, हातात हेल्मेट. मधल्या वारी फोन आला म्हणून मी घाईने उचलला.

"ऐका ना," ताई म्हणाल्या, "बाबांनी आज विचारलं."

"काय विचारलं?"

"भाजीवाला किती वाजता येतो म्हणून."

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. "मग?"

"मी म्हटलं, साडेनऊला येतो बाबा. तर बरं म्हणाले."

"मग?"

"मग काही नाही. तो आला तेव्हा त्यांचा डोळा लागला होता."

"उठवलं नाही तुम्ही?"

"नाही हो. धीर झाला नाही."

मी फोन कानाला घट्ट धरला. ट्रक जात होते, तरी मला ताईंचा श्वास ऐकू येत होता. शेवटी मी म्हणालो, ताई, कोणती भाजी ते काही म्हणाले का? त्या म्हणाल्या, नाही, नुसतं किती वाजता.

त्याला आता बरेच दिवस झाले. त्यानंतर सरांनी काही विचारलेलं नाही. पण ताईंनी रोज त्या सुमाराला त्यांची खुर्ची गॅलरीत नेऊन ठेवायला सुरुवात केली आहे. भाजीवाला खालून ओरडतो. सर कधी खाली बघतात, कधी समोरच्या भिंतीकडे. ताई खाली जाऊन मेथी आणतात, वांगी आणतात, पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवतात, आणि शेजारी स्टूल घेऊन बसून राहतात. ऑफिसला उशीर होतो, तरी बसतात.